चुकलेलं नाक

एका गावात एक चित्रकार राहायचा. त्याची रेघ कधी चुकत नाही, असं गाव म्हणायचं. आणि गाव विसरलंच, तर तो स्वतः आठवण करून द्यायचा. खरखरीत कागदावर तो पेन्सिलीने माणसांचे चेहरे काढी. समोर बसलेल्याला एकच ताकीद असे, "हलायचं नाही, बोलायचं नाही." चित्र झालं की माणूस ते घेऊन घरी जाई आणि चित्रकार एकटाच भाकरी खाई.

एक दिवस एक म्हातारी आली. "माझा चेहरा काढ रे बाबा," म्हणाली आणि स्टुलावर बसली.

खरखरीत कागदावर सुरकुत्या फार सुरेख उमटतात. दुपारपर्यंत चित्र झालं. म्हातारीने ते लांब धरून पाहिलं.

"नाक चुकलंय."

"माझ्या हातून? शक्यच नाही, आजी!"

"चुकलंय. उद्या येते."

दुसऱ्या दिवशी कान चुकला. तिसऱ्या दिवशी हनुवटी. मग पुन्हा नाकच. चित्रकार दातओठ खात खोडायचा, आणि दर वेळी तेच नाक उतरायचं. सहाव्या दिवशी खोडून खोडून कागदाचे तंतू वर आले.

"आता रबर लावलं तर कागद फाटेल!" तो तडकला. "न्यायचं तर असंच न्या. चूक तुमच्या डोळ्यांत आहे."

म्हातारीने चित्र पदराखाली घेतलं. दारापाशी थांबून म्हणाली, "पहिल्या दिवशीच बरोबर होतं रे. पण घरी आहे कोण? इथे निदान सकाळभर कुणीतरी माझ्याकडे बघत होतं."

आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. चित्रकार रिकाम्या स्टुलाकडे बघत बसला. साऱ्या गावाचे चेहरे त्याला पाठ होते, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघणारं कुणी नव्हतं. चुका काढायला का होईना, म्हातारी रोज येत तरी होती! त्याला फार एकटं वाटलं.

चौथ्या दिवशी कोरा कागद काखेत मारून तो तिच्या ओट्यापाशी गेला. समोरच्या विहिरीवर निम्मं गाव पाणी भरत होतं. म्हातारी आत चुलीपाशी होती, त्यामुळे हळू बोलून भागणार नव्हतं. इथे चूक कबूल केली की आयुष्यभराचं नाव गेलं. तरी तो मोठ्याने म्हणाला, "आजी, नाक खरंच चुकलं होतं. पुन्हा काढावं लागेल!"

विहिरीवरच्या साऱ्या माना त्याच्याकडे वळल्या.

म्हातारी बाहेर आली. त्याच्याकडे बघत राहिली आणि एकदम हसली. हसताना तिचं नाक पसरलं, शेंड्याशी एक खळगी पडली. सहा दिवसांत चित्रकाराने तिला हसताना पाहिलंच नव्हतं. नाक खरोखरच चुकलं होतं.

"बस," ती म्हणाली. "आज बोललेलं चालेल का?"

"बोला, आजी. मला घाई नाही."

तात्पर्य: एकट्या माणसाचं काम चटकन उरकून त्याला वाटेला लावू नये. त्याच्यापाशी घटकाभर बसावं; त्यात आपलंही एकटेपण सरतं.