डाव्या हातातला खडू

रेवती तांडेल बायकांच्या गटाला चारचौघांत न घाबरता बोलायला शिकवायची. तिचे धडे जसेच्या तसे उचलून नामांकित प्रशिक्षक राजोपाध्ये भर सभागृहात शिकवू लागले, तशी ती संतापून उठली.

"हे धडे माझे आहेत!"

"तुमच्यासारख्या बाईला हे सुचेल?" ते हसले.

"मग सांगा, धड्यात माईक उजव्या हातात आणि खडू डाव्या हातात धरायला सांगितलंय, ते का?"

"त्याने मेंदू जागा होतो. दहा वर्षं संशोधन केलंय मी!"

रेवतीने मंचावर जाऊन डाव्या हाताने फळ्यावर झरझर आपलं नाव लिहिलं.

"मी डावखुरी आहे. बाकीचे उजव्या हाताने लिहितात, हे धडा लिहिताना विसरलेच. ही चूक मी गेल्या महिन्यात केली, साहेब. तुम्ही दहा वर्षं कशावर संशोधन करत होता?"