घराचा करदोडा

"घर हललं! माझ्या डोळ्यांदेखत हललं! धरा त्या गवंड्याला!" भुजंगराजे ओरडले.

भूकंप होऊन गेला, पण राजांचा थरकाप थांबेना. मागच्या भूकंपानंतर त्यांनीच फर्मान काढलं होतं : राज्यात एकही घर हलता कामा नये. हललं, तर बांधणाऱ्याला जन्माची कैद! आता हलली होती सगळी आळी, पण राजांच्या खिडकीतून दिसलं ते नेमकं हैबती गवंड्यानं बांधलेलं घर. बिचारा आयता सापडला!

त्याची लेक सगुणा पदर खोचून दरबारात आली.

"महाराज, बाबांनी बांधलेल्या घराचा टवकासुद्धा उडाला नाही."

"टवक्याचं कोण विचारतंय? हललं की नाही?"

"हललं."

"मग संपलं! न हलणारं घर दाखव आणि बाप घेऊन जा."

"दाखवते की! पण आधी न हलणारा माणूस तर बघू. बाहेर माझी बैलगाडी आहे. वेशीपर्यंत तीत उभं राहून चला. मात्र हलायचं नाही हं, फर्मान आहे!"

राजे पडले हट्टी. कमरेवर हात ठेवून गाडीत ताठ उभे राहिले. सगुणानं पुढे उभ्यानंच कासरा धरला आणि बैल उधळवले. चाक दगडावर चढलं मात्र, राजे निघाले थेट चिखलाकडे! तेवढ्यात सगुणानं कासरा खेचून बैल थांबवले आणि त्यांच्या कमरेचा सोन्याचा करदोडा मागून घट्ट पकडला. राजे अधांतरी लोंबकळले.

"अगं सोडू नकोस! सोडू नकोस!"

"नाही सोडत. पण बघा महाराज, मी गाडीबरोबर हलले, म्हणून उभी आहे. तुम्ही हलला नाहीत, म्हणून पडलात. आणि वाचलात ते करदोड्यामुळं! बाबांनी घरालाही तोच बांधलाय."

"घराला करदोडा?"

"दाराच्या वर, चारी भिंतींतून सलग फिरवलेली लाकडाची पट्टी. घर हलतं, पण भिंती एकमेकींना सोडत नाहीत."

राजे कसेबसे गाडीत आले. पटलं होतं, पण नाक खाली कसं करायचं?

"ते खरं गं, पण फर्मानाचं काय? राजाचा शब्द कधी हलत नसतो!"

"म्हणून तर तो खाली पडतो, महाराज! हलू द्या की जरासा!"

राजे असे खदाखदा हसले, की बैलांनी कान टवकारले. तिथल्या तिथं नवं फर्मान निघालं : घर हललं तरी चालेल, पण करदोड्याशिवाय कुणी भिंत उभारायची नाही! आणि ते तपासायला दरबारी अधिकारी कोण? हैबती गवंडी!

"आणि हे तुला, पोरी!" म्हणत राजांनी कमरेचा करदोडा सोडून सगुणाच्या हातात ठेवला, आणि एका हातानं सुटलेलं धोतर सावरत, हसत हसत राजवाड्याकडे निघाले.