स्वस्तातली सुरी

फार जुन्या काळी हत्यारं विकली जाण्याआधी गिऱ्हाइकाशी बोलत असत.

एकदा रानात मध काढायला जाणारा गोमा लोहाराच्या दुकानात आला. पितळी मुठीची सुरी म्हणाली, "मला घ्या मालक, मी वाटेल ते कापते." तिची किंमत ऐकून गोमा लाकडी मुठीच्या सुरीकडे वळला. "आणि तू गं?"

"माझं पातं मुठीच्या आतून पार शेवटपर्यंत गेलंय, ते हलायचं नाही. वेल, दोर, साल सगळं कापीन. पण माझ्यावर दगड हाणून लाकूड फोडू नका. त्याला कुऱ्हाड घ्या."

"स्वस्तातली असून अटी बऱ्याच आहेत तुझ्या!" गोमा हसला आणि तिलाच घेऊन गेला.

दोन वर्षं तिने सांगितलं तसं सगळं कापलं. तिसऱ्या वर्षी रानात चूल पेटवायची होती. गोमाने तिला ओंडक्यावर धरलं आणि वरून दगड हाणला.

"अहो, मी सांगितलं होतं!" ती कळवळली. दुसऱ्या घावाला तिचं टोक उडालं.

"स्वस्तातलं असंच निघायचं," म्हणत गोमाने पितळी मुठीची सुरी आणली. एवढी महाग वस्तू रानात कशी न्यायची, म्हणून ती भिंतीवर टांगली. रानात टोक उडालेलीच जात राहिली.

पाहुणे आले की गोमा भिंतीकडे बोट दाखवायचा. "याला म्हणतात पोलाद! दहा वर्षं झाली, साधी चीर नाही."

हे सांगताना तो टोक उडालेल्या सुरीने पाहुण्यांना काकडी कापून देत असायचा. तिने बोलणं केव्हाच सोडलं होतं.