ठकू सुईण बर्फात अडकते

पांघरूण घ्या पाहू नीट. दामू, पाय आत. हं, आता ऐका.

एक होता राजा. त्याचं राज्य इतकं उंच डोंगरावर, की तिथले ढग थेट अंगणात यायचे आणि बायका त्यांना केरसुणीनं बाहेर लोटायच्या. तिथं बर्फ पडायचा. गोळेवाल्याकडचा बर्फ नव्हे, बरं का! पिंजलेल्या कापसासारखा, वरून, आपोआप. पडायला लागला की घरं बुडायची, झाडं बुडायची, वाट तर कुठल्या कुठं.

त्या राजाच्या राणीचे दिवस भरले. आधीची दोन लेकरं तिची जन्मताच गेली होती. त्यामुळे राजाचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यानं डोंगराच्या पायथ्याच्या ठकू सुईणीला बोलावणं धाडलं. ठकू साठीची, बुटकी, पण तिच्या हाताला यश होतं. निरोप घेऊन शिपाई आला आणि तापानं तिथंच आडवा पडला.

सून म्हणाली, "आत्याबाई, आभाळ बघा तरी! वाटेत अडकलात म्हणजे?"

ठकू म्हणाली, "मी अडकले तर अडकले. तिकडे राणी अडली तर तिला कोण सोडवील?"

आणि डोक्यावर घोंगडी घेऊन निघाली.

पहिल्या दिवशी दुपारी असं वादळ सुटलं, असं वादळ सुटलं, की तिला स्वतःचा हात दिसेना. मग ती चाचपडत एका कपारीत शिरली. आत बघते तर काय? गरम पाण्याचं कुंड! आणि कुंडात गळ्यापर्यंत बुडून, डोळे मिटून बसलेली दहा-बारा माकडं!

ठकूची बोबडीच वळली. तेवढ्यात एक म्हातारी माकडीण जरा सरकली आणि म्हणाली, "ये गं ठकूबाई. पाठ चोळू का?"

माकडीण बोलली! आणि नावानं बोलली! ठकूला चिमटा काढून बघावासा वाटला. पण थंडीपुढं कसली भीती? ती बसली पाण्यात. माकडिणीनं तिची पाठ अशी चोळली, की दिवाळीचं अभ्यंगस्नानही फिकं पडावं. साठ वर्षांची दुखणी वाफेबरोबर उडून गेली.

वादळ थांबलं. माकडं म्हणाली, "राहा की चार दिवस."

"नको रे बाबांनो. राणी वाट बघतेय." आणि ती निघाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वादळ. या वेळी समोर एक घर दिसलं. तिनं कडी वाजवायच्या आत दार आपोआप उघडलं. आत कुणी नाही. कुणी म्हणजे कुणीच नाही! पण चुलीवर तवा तापलेला, तव्यावर पुरणपोळी टम्म फुगलेली. पोळी आपणच उलटली, तुपाची वाटी आपणच वाकली. ठकूनं आश्चर्यानं तोंड उघडलं, तर त्यात घासच येऊन बसला!

मग काय, हसू नका, अकरा पोळ्या खाल्ल्या तिनं. तेवढ्यात मागून गादी सरकत आली आणि अंथरली गेली. ठकू जराशी टेकली. डोळे उघडले तेव्हा वादळ थांबलेलं, पण दार बंद! ओढते, ढकलते, उघडेचना.

मग भिंतीतून बारीक आवाज आला, "जाऊ नकोस ना. इतक्या वर्षांत माझ्यात कुणी अडकलंच नाही."

अगं बाई, घरच बोलत होतं! ठकूनं भिंतीवरून हात फिरवला. म्हणाली, "माझ्या आईनंतर असं मला कुणी जेवू घातलं नाही गं. पण तिकडे दोन जीव टांगणीला लागलेत. सोड मला."

घरानं धुराड्यातून लांब उसासा सोडला आणि दार उघडलं.

तिसरा दिवस उजाडला. राजवाड्याचं निशाण दिसायला लागलं आणि तेवढ्यात सगळ्यात मोठं वादळ आलं. चालता चालता ठकूच्या पायाखालचा बर्फच खचला. ती धाडकन एका बिळात पडली. पण लागलं मुळीच नाही. खाली काहीतरी मऊमऊ, ऊबदार, जणू शंभर गोधड्या एकावर एक. ठकू सुखानं पसरली.

आणि गोधडी हलली. खाली गेली, वर आली. गोधडी श्वास घेत होती!

अस्वलीण, अस्वलीण होती ती! हत्तीएवढी! ठकूची दातखीळ बसली. तेवढ्यात अस्वलीण कण्हली. ते कण्हणं ऐकलं आणि ठकूची भीती कुठल्या कुठं पळाली. असं कण्हणं तिनं जन्मभर ऐकलं होतं. अस्वलीण अडली होती.

"घाबरू नकोस, बये," ठकू म्हणाली, "मी आहे. श्वास घे. हं, आता जोर कर."

झालं! उंदराएवढं पिल्लू ठकूच्या ओंजळीत आलं. अस्वलिणीनं त्याला चाटलं. मग तिनं ठकूची घोंगडी दातात धरली, पिल्लासकट तिला उचलून पाठीवर टाकलं आणि ठकूनं दाखवलेल्या वाटेनं, राजवाड्याकडे, छातीनं बर्फ फोडत निघाली.

राजवाड्यात हलकल्लोळ! पहारेकऱ्यांच्या हातातले भाले गळाले. राजा डोळे फाडून बघत राहिला.

"ठकूबाई? तुम्ही? अस्वलावर?"

"घाबरायचं ते नंतर घाबरा, महाराज. राणीसाहेब कुठं आहेत?"

तासाभरात बाळ जन्मलं. मुलगी. पण ती रडेना. निळी पडलेली, हलेना की डुलेना. ठकूनं पाठ चोळली, तळव्यावर टिचक्या मारल्या, फुंकर घातली. काही नाही. राणीनं भिंतीकडे तोंड वळवलं. राजा मटकन खालीच बसला.

दाराबाहेर अस्वलिणीनं कान टवकारले. बाळ जन्मलं आणि आवाज नाही? आईच ती! तिनं दारातून मुंडकं आत घातलं आणि अशी डरकाळी फोडली, अशी डरकाळी फोडली, की फळीवरची भांडी धडाधड खाली आली, राजाचा मुकुट घरंगळला, आणि बाळ? बाळ दचकलं! हातपाय ताणले, तोंड वेंगाडलं आणि... ट्यँऽऽऽ!

राणी रडायला लागली, राजाही रडायला लागला, आणि ठकू पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आता रडा खुशाल."

त्यानंतर काय बर्फ पडला म्हणता! राजवाड्याची दारं, खिडक्या, सगळं बुजलं. महिनाभर सगळे आतच. अस्वलीण दरबाराच्या मधोमध पसरली आणि तिच्या उबेला राजा, प्रधान, पहारेकरी, सगळे टेकून बसायचे. एका पाळण्यात राजकन्या आणि पिल्लू दोघं झोपायची. ठकू झोका द्यायची.

एक दिवस प्रधान म्हणाला, "महाराज, ऊन पडलंय. वाट खणायची का?"

राजानं पाळण्याकडे पाहिलं. म्हणाला, "खणा हळूहळू. घाई काय आहे?"

अशी ती सगळी सुखात राहिली. झोपा आता माझ्या बाळांनो. दिवा मालवते.