नरहरीचा प

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. नाव नरहरी. सांगाल ते करायचा आणि सांगाल तेवढंच करायचा. "बारीक दळ रे," असं सोमवारी कुणी सांगून गेलं, की मंगळवारी आलेल्या बाईची भरडही तो बारीकच दळायचा. ती ओरडली तर म्हणायचा, "कालच ठरलंय की बारीक!" लोक त्याला हसत, पण दळण त्याच्याकडेच टाकत. मूठभर पीठ कधी कमी भरलं नाही त्याच्याकडे.

आता झालं काय, बोरखळच्या अण्णांची रेवती त्याच्या मनात भरली. तिलाही तो आवडला. "भोळे आहेत, पण लबाड नाहीत," असं ती आईला म्हणाली. अण्णांची मात्र एकच अट. जावई इंग्रजी बोलणारा हवा, आणि उच्चार कसे, साहेबासारखे हवेत. अण्णांना स्वतःला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्यांच्या चुलतभावाचा जावई सणाला आला की गच्चीवर चढून फोनवर इंग्रजी बोलायचा, साऱ्या आळीला ऐकू जाईल असा. तेव्हापासून अण्णांना पुरणपोळी गोड लागत नव्हती.

नरहरीने तालुक्याला गुळवणी सरांचा क्लास धरला. सायकलच्या दुकानावर एक खोली, तिथे क्लास. सर बिनलग्नाचे. टाय रोज, इस्त्री आठवड्यातून एकदा.

सरांनी टेबलावर मेणबत्ती लावली.

"हे बघ नरहरी, आपला प मवाळ असतो. साहेब शब्दाच्या सुरुवातीला प म्हणतो, तेव्हा तोंडातून हवेचा झोत निघतो. म्हण, पेन!"

"पेन."

"ज्योत हलली का? नाही ना? मग ते इंग्रजी नव्हे. ज्योत समोर आली की झोत सोडायचा. लक्षात ठेव."

नरहरीने लक्षात ठेवलं.

रविवारी तो बोरखळला गेला. पहिल्यांदा दारात आलेल्या होणाऱ्या जावयाला ओवाळायची त्या घरची पद्धत. रेवतीची आई ताट घेऊन पुढे आली. निरांजन नरहरीच्या तोंडासमोरून फिरलं. ज्योत समोर आली.

"पेन!" नरहरी म्हणाला.

ज्योत विझली. अक्षता उडाल्या. आजी आतून किंचाळली, "अगं बाई! मेल्यानं उंबरठा ओलांडायच्या आत दिवा विझवला!"

"अरे, तिथे प कशाला म्हणालास?" सरांनी डोक्याला हात लावला. "ब म्हणायचा होतास. ब म्हणताना एवढा झोत सुटत नाही, आवाज घशात घुमतो. गळ्यावर हात ठेवला की कंप कळतो. माणूस बोलायला लागला की आधी गळ्यावर हात. समजलं?"

"समजलं."

पुढच्या रविवारी अण्णा ओसरीवर बसले होते. झालं गेलं विसरून म्हणाले, "या नरहरीराव, बसा."

माणूस बोलायला लागला होता. नरहरीने पुढे होऊन अण्णांचा गळा धरला.

"अहो! अहो, काय करताय!"

"बोला अण्णा, बोला! छान घुमतंय!"

दोन गड्यांनी मिळून त्याला सोडवलं. सोयरीक त्याच दिवशी मोडायची. पण रेवतीने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. अण्णा विरघळले.

"दुसऱ्याचा गळा धरतात का, गाढवा!" सर म्हणाले. "कुणाला हात लावायचा नाही. नुसतं समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं. त्याचे ओठ जसे हलतील, तसेच आपले हलवायचे. उच्चार असाच येतो."

तिसऱ्या रविवारी नेमकी आजीची म्हैस गेलेली. अकरा वर्षं दूध दिलेली म्हैस. आजी खांबाला टेकून रडत होती. नरहरी तिच्यासमोर मांडी घालून बसला. आजीने ओठ वाकडे केले, यानेही केले. आजीने आ वासून हंबरडा फोडला, यानेही आ वासला, पण आवाज न काढता. आजीने रडं थांबवलं आणि हातातली काठी त्याच्या पाठीत घातली.

आता मात्र अण्णांनी निरोप धाडला. येत्या रविवारी शेवटचं. चार माणसांसमोर मुलगी पसंत आहे एवढं नीट सांगा, सुपारी फोडून टाकू. नाहीतर पुन्हा इकडे फिरकू नका.

नरहरी सरांपुढे रडकुंडीला आला. "सर, मला रेवतीशीच लग्न करायचंय. काहीही करा."

"तुझी खोड काय आहे, तू सगळं लगेच सोडतोस," सर म्हणाले. "प चं खरं काम झोत सोडायच्या आधी असतं. ओठ मिटायचे, हवा आत अडवायची, धरून ठेवायची. मगच फोडायची. मी स्वतः येतो. मी मान हलवली की सोड. त्याआधी मरू घातलास तरी ओठ उघडायचे नाहीत."

रविवारी ओसरी माणसांनी भरली. सर नरहरीला खेटून बसले. रेवती पोहे घेऊन आली. सरांनी तिच्याकडे पाहिलं, आणि मग पाहतच राहिले.

अण्णांनी विचारलं, "काय नरहरीराव, मुलगी पसंत आहे का?"

नरहरीने ओठ मिटले. हवा धरली. गाल फुगले. तो सरांच्या मानेकडे बघू लागला.

मान हलेना. सर पोहे खात होते.

"अहो, पसंत आहे का?"

गाल आणखी फुगले. डोळे सरांकडे फिरले. सरांनी पोह्यातला शेंगदाणा वेचला. रेवतीचा जीव वरखाली होत होता. शेवटी लाज सोडून ती म्हणाली, "एक शब्द बोला हो! एवढं माझ्यासाठी करा!"

नरहरीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ओठ उघडले नाहीत.

"राहू द्या अण्णा," रेवती म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "द्या मला कुणालाही."

अण्णा संतापून सरांकडे वळले. "सर, निदान तुम्ही तरी चार शब्द इंग्रजी बोला. कानांना बरं वाटेल."

सर पाच मिनिटं बोलले. कुणाला काही कळलं नाही, म्हणून सगळे माना डोलवू लागले. आजीने हळूच विचारलं, "मास्तरांचं लग्न झालंय का?"

नव्हतं झालं. मग काय, घटकाभरात सगळं ठरलं. पद्धतीप्रमाणे निरांजन आलं, सरांच्या तोंडासमोरून फिरू लागलं. शेजारी नरहरी, गाल तसेच फुगलेले. अण्णांनी विचारलं, "मग सर, मुलगी पसंत?"

सरांनी लाजून मान हलवली.

"पसंत!" नरहरी म्हणाला.

निरांजन विझलं. कुंकू उडून सरांच्या टायवर बसलं. सवयीने सरांच्या तोंडून निघून गेलं, "शाब्बास! अस्साच हवा!"

नरहरी पळतच घरी आला. आई देवापुढे दिवा लावत होती.

"काय रे, जमलं का?"

"जमलं!"

"अगं बाई! मग सुपारी कधी फोडायची?"

"ती आजच फोडली. मुलगी सरांना दिली," नरहरी म्हणाला. "पण आई, प जमला. दाखवू?"