चिंध्यांच्या वीस पिशव्या

शमू, पाय आत घे. रूथ, उशी एकटीकडं ओढू नकोस, दोघांना पुरते ती. हं. आता ऐका.

एक होता राजा. माणूस तसा चांगला, पण त्याला वाटायचं, एकदा हुकूम सोडला की जगात सगळं होतं. राणी मात्र हुशार. आणि त्यांना एक लेक, दीना. पाच वर्षांची, म्हणजे आपल्या शमूएवढीच. आता शमूपेक्षा शहाणी होती का, ते गोष्ट संपल्यावर तुम्हीच ठरवा.

त्यांच्या राज्यात नाताळ फार थाटाचा. घरोघरी करंज्या, दारोदारी कागदाच्या चांदण्या, आणि अंगणाअंगणात बाळ येशूचा गोठा. पण एका वर्षी काय झालं, नोव्हेंबरच्या मध्यावर राज्यावर धुकं उतरलं. उतरलं ते हलेचना. कपडे वाळेनात, धान्य वाळेना, म्हातारी माणसं खोकून खोकून बेजार. शेजारच्या घराचं दार दिसेना, बरं का, इतकं धुकं. राजानं हुकूम सोडला, "धुक्यानं ताबडतोब निघून जावं." धुकं काही त्याचा नोकर नव्हतं. ते तिथंच बसलं.

मग राणी निघाली. एकटीच चालत चालत डोंगरावर पोचली. तिथं एका दगडावर धुक्याची म्हातारी बसली होती. तिचे पांढरे केस डोंगरावरून खाली उतरून राज्यभर पसरलेले, आणि सगळे गुंतलेले. आपण ज्याला धुकं म्हणत होतो ना, ते तिचे केस.

म्हातारी म्हणाली, "मला का हौस आहे इथं बसायची? केस अडकलेत. कुणी विंचरून दिले तर उठून जाईन."

"किती दिवस लागतील?" राणीनं विचारलं.

"चोवीस."

"मी विंचरते," राणी म्हणाली.

दुसरी कुणी असती तर दासीला पाठवलं असतं. ही स्वतः तयार झाली. मला या राणीचं फार कौतुक वाटतं, आधीच सांगून ठेवते.

पण म्हातारीनं अट घातली. म्हणाली, "घरी लहान लेक आहे ना तुझी? ती ज्या दिवशी रडत रडत झोपेल, त्या दिवशी माझ्या केसांत नवी गाठ पडेल. तीन गाठी मी चालवून घेईन. चौथी पडली तर तू कायमची इथंच. नाही पडली, तर नाताळच्या सकाळी घरी जा."

राणीनं घरी येऊन राजाला सगळं सांगितलं. दीनाचा मुका घेतला. आणि एक डिसेंबरला सकाळी फणी कमरेला खोचून ती गेली.

दीनानं विचारलं, "आई कधी येणार?"

"चोवीस दिवसांनी," राजा म्हणाला.

"म्हणजे उद्या?"

"नाही."

"मग परवा?"

आता पाच वर्षांच्या पोरीला चोवीस म्हणजे काय कळणार? तिला दहापर्यंत मोजता यायचं, तेही मध्ये सात गाळून. तिला वाटलं, आई येणारच नाही. ती रडत रडत झोपली. सकाळी राजानं पाहिलं, तर खिडकीच्या गजाला एक पांढरा केस, आणि त्या केसाला गाठ.

मग राजानं सोनाराला बोलावलं. म्हणाला, "चोवीस डब्या कर. दीना रोज एक उघडेल, डब्या संपतील तेव्हा आई येईल." कल्पना चांगली होती, नाही म्हणत नाही मी. सोनारानं सगळे कारागीर बसवून दुपारपर्यंत चोवीस सोन्याच्या डब्या केल्या. कुणात मोती, कुणात पोवळं, कुणात चांदीचं माकड. आणि दीनानं काय केलं? रात्रीच्या जेवणाआधी चोवीसच्या चोवीस उघडल्या. रूथ, हसू नकोस. तूही तेच केलं असतंस. ती दारात जाऊन उभी राहिली. म्हणाली, "झाल्या संपल्या. आता आई येऊ दे." त्या दिवशी माकडाशी खेळत कशीबशी झोपली. पण तिसऱ्या दिवशी उघडायला काही नाही आणि आईही नाही. रडत झोपली. गजाला दुसरी गाठ.

मग राजाला त्याची जुनी खोड आठवली. चौथ्या दिवशी त्यानं गावात दवंडी पिटवली, "ऐका हो ऐका, आज नाताळ आहे." लोक डोकी खाजवायला लागले. पण राजाचा हुकूम, करणार काय? घाईघाईनं करंज्या तळल्या, चांदण्या टांगल्या, घंटा वाजवली. दीनाला नवा परकर घातला, केसांत फूल माळलं. बिचारी सकाळपासून वेशीवर जाऊन उभी राहिली. दुपार झाली. कुणीतरी करंजी हातात दिली, ती तशीच धरून राहिली. दिवस मावळला. राजानं सगळ्या गावाचा नाताळ आणला होता, पण राणी त्याच्या दवंडीनं थोडीच येणार? मला हे सांगताना आजही त्या पोरीची दया येते. ती रडत झोपली, आणि गजाला तिसरी गाठ पडली.

आता एकसुद्धा दिवस चुकायची सोय नव्हती. आणि नाताळला अजून वीस दिवस होते.

राजवाड्याच्या मागच्या पडवीत एक बाई गोधड्या शिवायला बसायची. तान्हूबाई तिचं नाव. मिश्री लावलेले काळे दात, आणि बोलणं अगदी मोजकं. लिहिता-वाचता काही येत नव्हतं. पण हात असे, की चार घरच्या फाटक्या चिंध्या तिच्यापुढं टाका, संध्याकाळी उठताना तुमच्या अंगावर ऊब. दीना तिसरी गाठ पडली त्या सकाळी पडवीत येऊन बसली, आणि मागून राजा आला.

राजा म्हणाला, "तान्हूबाई, या पोरीला चोवीस कळत नाही गं."

"मला बी कळत न्हाई, म्हाराज," तान्हूबाई म्हणाली. "म्या ईसावर कधी मोजलंच न्हाई. पन आजचा दिस कळतो. पोरीला बी कळंल."

मग तिनं चिंध्यांचं गाठोडं सोडलं. राणीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, राजाच्या सदऱ्याची बाही, खाटेवरच्या चादरीचा काठ. वीस तुकडे काढले आणि तळहाताएवढ्या वीस पिशव्या शिवल्या. एक पैचं काही विकत आणलं नाही, बरं का. मग ती वाडाभर फिरली. स्वयंपाकघरात गेली, तबेल्यात गेली, कोठीत गेली. पिशव्यांत काहीबाही भरलं. दोन खिळ्यांना सुतळी बांधली आणि वीस पिशव्या ओळीनं टांगल्या.

राजा म्हणाला, "पण ही सगळ्या एकदम उघडेल ना. सोन्याच्या उघडल्या तशा."

"उघडू द्या की," तान्हूबाई म्हणाली.

दीनानं पहिली पिशवी सोडली. आत मूठभर गहू. तान्हूबाईनं वाटीत पाणी दिलं, दीनानं गहू भिजत घातले. लगेच तिनं दुसरीला हात घातला. दुसरीत निघालं एक ओलं करायचं फडकं. तिसरीत निघाली माती, आणि पिशवीच्या खाली बांधलेली नारळाची करवंटी. दीना म्हणाली, "चल, पेरू या."

"गहू काय म्हन्तात त्ये बघ," तान्हूबाई म्हणाली.

दीनानं वाटीत पाहिलं. गहू टणक. ते काही म्हणत नव्हते. आज भिजणार, उद्या फडक्यात बांधायचे, परवा मोड येणार, मग माती. गव्हाला राजाची दवंडी ऐकू येत नाही. दीनानं तोंड एवढंसं केलं, पण फडकं आणि माती आपल्याच हातानं पिशव्यांत परत ठेवली. आणि त्या दिवशी झोपताना तिला एक काम होतं. उद्या गहू फुगलेत का ते बघायचं. राजा तिच्या उशाशी बसून राहिला. ती झोपल्यावर त्यानं बोट लावून तिचा गाल बघितला. गाल कोरडा होता. सकाळी खिडकीतून अंगणातला कडुनिंब दिसायला लागला. डोंगरावर राणीची फणी चालत होती ना.

मग काय, रोज एक पिशवी. तान्हूबाईला चिठ्ठी लिहिता येत नव्हती, म्हणून तिनं नुसत्या वस्तू ठेवल्या होत्या, आणि त्या वस्तू बोलायच्या. एका पिशवीत घोड्याच्या शेपटीचा केस निघाला, म्हणजे आज तबेल्यात जाऊन घोड्याला खरारा करायचा. एकीत चिमणीचं पीस, म्हणजे आज अंगणात दाणे टाकायचे. एकीत चिमूटभर मीठ. ते मीठ घेऊन दीना स्वयंपाकिणीकडं गेली आणि स्वयंपाकिणीनं तिच्याकडून पहिल्यांदा पीठ मळून घेतलं. एकीत जाड सुई आणि दोरा. त्या दिवशी तान्हूबाईनं तिला धावदोरा शिकवला. एकीत गुळाचा खडा, पण तो चौघांत वाटून खायचा. चहाच्या पुड्याचा चकचकीत कागद निघाला त्या दिवशी चांदणी झाली. रिकामी काडेपेटी निघाली, तिचा बाळ येशूसाठी पाळणा झाला. आणि एका पिशवीत राजाच्या फेट्याचा दोरा होता, सोबत पाच चिंचोके. त्या दिवशी राजाला दरबार सोडून जमिनीवर मांडी घालून चिंचोक्यांनी खेळावं लागलं. आणि तो हरला. खोटं नाही सांगत, पाचही डाव हरला.

रूथ, तुझ्या वर्गातली ती मुलगी नाताळच्या पुठ्ठ्याच्या कॅलेंडरातली रोज एक खिडकी उघडते आणि आतलं चॉकलेट खाते म्हणालीस ना? खाऊ दे बापडी. पण काडेपेटीचा पाळणा करायला दिवस लागतो, आणि चॉकलेटला एक घास. तान्हूबाईला ते बरोबर कळलं होतं. मला तर वाटतं, त्या राज्यात तिच्याइतकं हुशार कुणी नव्हतं, आणि ती पडवीत बसायची.

कडुनिंबानंतर विहीर दिसली. मग वेस दिसली. करवंटीत गहू बोटभर वर आले.

मग उजाडला सतरावा दिवस. म्हणजे सतराव्या पिशवीचा. तान्हूबाई नाताळसाठी आपल्या गावाला, लेकीकडं गेली होती. दीनानं पिशवी सोडली. आत काही नाही. उलटी करून झटकली. काही नाही. उंदरानं तळाशी भोक पाडलं होतं, आणि आत जे काही होतं ते त्यानं नेलं होतं.

दीनाचा ओठ खाली आला. सगळा वाडा जागच्या जागी थांबला. स्वयंपाकिणीच्या हातातली पळी तशीच राहिली. राजा धावत आला, त्याच्या हातात मोती होता. म्हणाला, "हा घाल त्यात, हाच होता समज."

"नाही," दीना म्हणाली. "तान्हूबाईनं हा नाही ठेवलेला."

आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चौथी गाठ पडायला एवढंसंच बाकी होतं. राजाला कळेना काय करावं. पहिल्यांदाच त्यानं हुकूम सोडला नाही. नुसता तिच्याजवळ खाली बसला.

दीना पिशवीकडं बघत राहिली. मग तिनं आत हात घातला आणि भोकातून तिचं बोट बाहेर आलं. ते बोट तिनं हलवलं. आधी थोडी हसली, मग डोळे पुसले. म्हणाली, "हे भोक शिवायला पाहिजे. नाहीतर उंदीर उरलेल्या तीन पण नेईल."

आणि तिनं सुईदोरा आणला. बाप रे, त्या पोरीनं किती वेळ लावला. टाका वाकडा जायचा, उसवायची. बोटाला सुई टोचली, बोट तोंडात धरलं आणि पुन्हा शिवायला लागली. राजा सुईत दोरा ओवून देत होता, त्याला तेही नीट जमत नव्हतं. दिवेलागणीला भोक बुजलं. मग तिनं उरलेल्या तीन पिशव्याही तपासल्या. आणि त्या शिवलेल्या पिशवीवर हात ठेवून झोपी गेली. राजानं बोट लावून बघितलं. गाल कोरडा. मग तो स्वतःच रडला, पण त्याच्या रडण्यानं गाठ पडायची नव्हती, म्हणून चाललं.

आणखी तीन दिवस, आणखी तीन पिशव्या. आणि नाताळच्या सकाळी उठून बघतात तर आभाळ लख्ख. धुक्याची म्हातारी आपले मोकळे केस पाठीवर टाकून समुद्राकडं निघून गेली होती. वेशीतून राणी चालत येत होती. तिची बोटं फणी धरून धरून चिरली होती. दीना धावत सुटली आणि तिच्या गळ्यात पडली.

राणीनं तिला घट्ट धरलं, आणि मग ती पायरीवर बसून रडायला लागली. सगळ्यांना वाटलं, आता काय झालं? राणी म्हणाली, "माझी लेक चोवीस दिवस मोठी झाली, आणि मी त्यातला एकसुद्धा दिवस बघितला नाही."

दीना तिच्या मांडीवर चढून बसली. म्हणाली, "मला सगळे पाठ आहेत. मी सांगते. पहिल्या दिवशी मी रडले. दुसऱ्या दिवशी चांदीचं माकड होतं. तिसऱ्या दिवशी पण रडले. चौथ्या दिवशी बाबांनी खोटा नाताळ केला."

राजानं मान खाली घातली. आणि दीना सांगत राहिली. घंटा वाजून गेली, करंज्या निवल्या, ऊन पायरीवरून अंगणात गेलं. एकेक दिवस तिनं आईच्या हातात दिला, एकही न गाळता. मध्ये सात आला तोही गाळला नाही. चोविसावा सांगून झाला तेव्हा राणीनं डोळे पुसले. म्हणाली, "आता जणू मी कुठं गेलेच नव्हते."

मग ते सगळे आत गेले, पोटभर जेवले, आणि पुढं पुष्कळ वर्षं आनंदात राहिले. गोष्ट झाली. शमू झोपलासुद्धा. रूथ, तूही मीट डोळे, मी आहे इथं.