ओलीचं भाडं

“ओलीचं भाडं देणारा भाडेकरू आणा, शास्त्रीबुवा! सोमवारच्या बाजारापर्यंत मुदत. नाहीतर घराची किल्ली माझी आणि वहिनींच्या पाटल्याही माझ्या!”

गुलाबशेठ सावकार आपल्या ओसरीवर हसत होते. जमलेले दहा-बारा लोकही हसत होते. हसत नव्हतो तो मी एकटा.

चूक माझीच. बारा वर्षं काशीत शिकलो, घर कसं पारखावं यावर एकशे आठ श्लोक रचले, आणि भाड्यासाठी पहिलंवहिलं घर घेतलं ते तळ्याकाठचं! ऐन वैशाखात पाहायला गेलो. आत गारवा. “काय सुखद वास्तू!” असं म्हणत तिथेच डुलकी काढली. भिंतीला हात लावून बघावं, हे माझ्या एकाही श्लोकात नव्हतं.

पहिला भाडेकरू धान्याचा व्यापारी. त्याच्या हरभऱ्याला पोत्यातच मोड आले. दुसरी पापडवाली, तिचे पापड वाळेचनात. तिसरा ज्योतिषी, त्याच्या पंचांगात चैत्र आणि वैशाख एकमेकांना चिकटून बसले. तिघेही गेले. घर इतकं स्वस्त का मिळालं, ते मला तेव्हा कळलं!

घरासाठी कर्ज घेतलं होतं शेठचं, तारण ते घर आणि पत्नीच्या पाटल्या. मी विनवलं होतं, “शेठजी, घराची किंमत नव्याने धरा. घरावरच कमी व्याजाचं नवं कर्ज द्या. जुनं फेडतो, पाटल्या सोडवतो.”

“घर कोरडं असतं, तर आज दुप्पट किंमत धरली असती! पण तुमच्या घरात आहे काय? ओल! तिचं वेगळं भाडं देणारा आणलात, तरी दुप्पट धरीन. चारचौघांत शब्द देतो!”

घरी येऊन मी पोथ्या काढल्या.

“अजून वाचायचं राहिलंय का काही?” पत्नीने विचारलं. तिचे हात मोकळे होते. मी पोथीत मान घातली.

आमच्याकडे पाणी भरणाऱ्या सारजा कोष्टिणीने हंडा खाली ठेवला. “बाबा, भिंती खरंच एवढ्या ओल्या हायेत?”

“अगं, बेडूक सुखाने नांदतात!”

“मग किल्ली द्या इकडं.”

सोमवारी सारा बाजार शेठच्या दारात. सारजाने सुताची एक लड पुढे केली. “शेठजी, जरा वढून बघा.”

शेठनी ओढली. तट्!

“आता ही बघा. सूत तेच, पर बाबांच्या घरात ठेवल्यालं.”

शेठनी ओढली, पुन्हा ओढली. तुटेना!

“उन्हाळ्यात कोरड्या हवेत सूत तुटतं, शेठजी. दिसभर गाठी मारायच्या, लुगडं तसंच अर्धं. या घरात पाच दिस माग चालवला, चार धागेसुदिक तुटलं न्हाईत! घराचं म्हैन्याला दोन रुपये, ओलीचा एक. आम्ही तिघं कोष्टी मिळून वर्साचं आगाऊ देतो.”

मला राहवेना. “पण बाई, ओल हा तर वास्तूचा दोष...”

पत्नीने असा चिमटा काढला की, वाक्य तिथेच संपलं.

शेठ मिशीवरून हात फिरवीत म्हणाले, “असं होय! आणि तळं आटलं, ओल गेली, तर? मग माझ्या दुप्पट किमतीचं काय?”

“ओल गेली तर घर कोरडं झालं की, शेठजी! आन् कोरड्या घराची किंमत दुप्पट, हे तुमीच बोलला न्हवं?”

शेठ असे हसले, की पगडी घसरून मांडीवर आली!

“मुनीमजी, नवा कागद करा! वहिनी, या तुमच्या पाटल्या. आणि सारजाबाई, माझ्या लेकीच्या लग्नाची पंचवीस लुगडी त्याच घरात विणा. सुताचे पैसे आत्ताच घेऊन जा!”

सारजाने पदर पुढे केला. मी नव्या कागदावर सही केली. पण त्याआधी, कुणाच्या नकळत, शेठच्या भिंतीला हात लावून पाहिला.